रेघोबाचा खेकडा

बंदुकीचा स्क्रू घट्ट बसला म्हणजे काम झालं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. बंदुका दुरुस्त करणाऱ्यांना तसं वाटत नाही. ही जमातच वेगळी. स्क्रू घट्ट तर बसलाच पाहिजे, शिवाय त्याच्या डोक्यावरची खाच नळीशी समांतर, अगदी एका रेघेत यायला हवी. खाच जराशी तिरकी राहिली तर गिऱ्हाईक काही बोलणार नाही, त्याच्या ते लक्षातही यायचं नाही. पण दुसरा कारागीर ती बंदूक हातात घेऊन नुसता हसेल, आणि ते हसणं ऐकणाऱ्याला जन्मभर पुरतं.

आपल्या गोष्टीतल्या माणसाची खाच कधी तिरकी गेली नव्हती, म्हणून धंद्यातले लोक त्याला रेघोबा म्हणत. त्यात थोडी चेष्टा होती, थोडा मान होता, आणि त्याला स्वतःला ते नाव मनातून फार आवडायचं.

नेमका याच माणसाचा उजवा हात थरथरायला लागला.

सुरुवात झाली ती एका जुन्या दुनळीवर. चापाच्या वरच्या पोलादी पट्टीवर कुणीतरी उडत्या बदकांची सुरेख नक्षी कोरलेली होती आणि तिच्या मधोमध गंजून बसलेला एक स्क्रू होता. रेघोबाने स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत टेकवलं, जोर दिला, आणि मनगट असं लटपटलं की पातं निसटून थेट बदकाच्या मानेवरून गेलं. पोलादावर पांढरा ओरखडा उमटला. उभ्या आयुष्यात त्याच्या हातून असं झालं नव्हतं. तो ओरखडा त्याने घासून घासून जिरवला, बदकाची मान थोडी बारीक झाली, आणि गिऱ्हाईक खुशीत बंदूक घेऊन गेलं. रेघोबा मात्र दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेला.

डॉक्टर म्हणाला, ही थरथर जायची नाही, वाढेल मात्र. बारीक कामं दुसऱ्या कुणाला तरी द्या. डॉक्टरचं काय जातं सांगायला? बारीक काम दुसऱ्याला दिलं तर रेघोबाकडे राहतं काय? त्याने ही गोष्ट धंद्यात कुणालाही कळू दिली नाही. चारचौघांत बसला की उजवा हात मांडीखाली दाबून बसायचा. नवं काम आलं की सध्या वेळ नाही म्हणायचा आणि मग रिकाम्या टेबलापाशी दिवसभर नुसता बसून राहायचा.

बायकोला सांगावं लागलं नाही. जेवताना त्याने चमचा डाव्या हातात घेतला त्याच दिवशी तिने ओळखलं. ती त्याच्याबरोबर त्याच खोलीत, त्याच लांब टेबलावर काम करायची. खिडकीकडची बाजू त्याची, भिंतीकडची तिची. तो नळी, चाप, स्प्रिंगा बघायचा. ती लाकडी दस्ते दुरुस्त करायची, चिरा सांधायची, आणि तळहाताने तेल चोळून चोळून लाकूड असं करायची की त्यावरून हात काढावासा वाटू नये. लोखंड तुमचं, लाकूड माझं, असं तिने लग्नानंतर पहिल्याच भांडणात ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून तिने स्क्रूला हात लावला नाही आणि त्याने दस्त्याला.

कल्पना सुचली तीही तिच्याच बाजूला बघून. चिरलेला दस्ता सरसाने चिकटवून तिने तो शिकंज्यात पकडून ठेवला होता. दोन जबडे, मध्ये कातड्याचे तुकडे, वरून आवळायचा दांडा. रेघोबा त्या शिकंज्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"अगं, हे लाकूड आता हलेल का?"

"हलवून बघा की. तुमच्याच्याने नाही हलायचं."

"मग पात्याला असंच धरून ठेवलं तर?"

तो मागच्या खोलीत लेथपाशी गेला आणि कामाला लागला. लेथचं एक बरं असतं, लेथ थरथरत नाही. पोलाद यंत्राने धरलेलं, हत्यार यंत्राने धरलेलं, माणसाने फक्त चाक फिरवायचं. पुष्कळ तुकडे भंगारात गेले. बायकोने जेवायला हाका मारून मारून हात टेकले. शेवटी एक हत्यार तयार झालं. बंदुकीला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे कातडी लावलेले जबडे, वरून एक पोकळ दांडा जो पात्याला खाचेत दाबून धरतो, आणि त्याच्या आतून फिरणारा दुसरा दांडा, ज्याला आडवी मूठ. एकदा आवळलं की पातं खाचेतून सुटणार म्हणून नाही. मग मूठ फिरवणारा हात थरथरो नाहीतर नाचो.

"खेकडा दिसतो अगदी," बायको म्हणाली, आणि नाव तेच पडलं.

त्या खेकड्याने घरातले सगळे हट्टी स्क्रू निघाले. रेघोबाच्या जिवात जीव आला. त्याने मनाशी मांडणी केली: बंदुका नाही तर नाही, आपण हत्यारं बनवू. लेथवर खेकडे करायचे आणि कारागिरांना विकायचे. धंद्यात राहता येईल, नाव राहील, सकाळी उठून या टेबलापाशी यायला कारण राहील. आणि हे जमलं नाही तर दाराला कुलूप लावून घरात भिंतीकडे बघत बसायचं. मधला रस्ता त्याला दिसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर नव्हताच.

शहरात कारागिरांना कानशी, दगड, तेलं पुरवणारा एक मोठा व्यापारी होता. वर्षातून एकदा त्याच्या दुकानामागच्या दालनात सगळे कारागीर जमत, नवी हत्यारं हाताळत, एकमेकांच्या कामाला नावं ठेवत. रेघोबाने त्याला खेकडा दाखवला. व्यापाऱ्याने उलटसुलट करून पाहिला.

"चांगलाय. पण माझं मत काय कामाचं? त्या दिवशी सगळ्यांसमोर चालवून दाखवा. दोन-तीन जणांनी मागितला तर मी दुकानात ठेवतो. कुणीच नाही मागितला तर मला भरीला घालू नका."

निघताना बायकोने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली आणि बजावलं, "स्क्रू काढून दाखवा आणि गप्प बसा. परत बसवायच्या फंदात पडू नका. बसवताना हाताला कळावं लागतं, आणि त्या दांड्यातून तुम्हाला काही कळत नाही. मी बघितलंय."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. सांगतेय."

तिचं खरं होतं आणि त्यालाही ते माहीत होतं. स्क्रू शेवटाला आला की मनगटाला आतून एक ओढ लागते आणि हात आपोआप थांबतो. खेकड्याच्या लांब मुठीतून ही ओढ पोचत नव्हती. तो "बरं" म्हणाला आणि खेकडा पिशवीत घालून निघाला.

दालनात तेलाचा आणि दमट कोटांचा वास होता. कारागीर घोळका करून उभे राहिले. पुढच्या खुर्चीत वस्ताद बसला होता. रेघोबा त्याच्याच हाताखाली शिकला होता, आणि दालनातले निम्मे लोकही. वस्तादचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्याने मांडीवरची स्वतःची बंदूक पुढे केली.

"ही माझ्या वडिलांची. हा स्क्रू माझ्याच्याने निघालेला नाही. जोर करायला मन होत नाही, नक्षी खराब होईल. तुझ्या खेकड्याला विचार."

 रेघोबाने जबडे लावले, पातं खाचेत बसवलं, दांडा आवळला. त्याचा हात लटलट कापत होता, पण मुठीवर ते कापणं कुणाला दिसलं नाही. त्याने मूठ फिरवली. आधी काहीच नाही. मग बारीकसा करकर आवाज आला आणि स्क्रू हलला. नक्षीवर साधा डागसुद्धा नव्हता.

"निघाला की," कुणीतरी म्हणालं.

लोक पुढे सरकले. खेकडा या हातातून त्या हातात फिरला. दोघांनी तिथल्या तिथे व्यापाऱ्याला विचारलं, कधी मिळेल. तिसरा म्हणाला, मला डावखुऱ्यासाठी करून द्याल का. रेघोबाच्या छातीवरचा दगड उतरला. इथेच तो थांबला असता तर ही गोष्टही इथेच संपली असती. वस्तादनेही म्हटलं, "राहू दे सुटा. घरी जाऊन साफ करून बसवीन मी."

पण बंदूक टेबलावर पडलेली, तिच्या नक्षीत एक काळं भोक, आणि भोवती धंद्यातले सगळे लोक. उघडी बंदूक परत द्यायची? रेघोबाने? त्याचं मन ते घेईना. आत गंज आहे, भोक आधी रॉकेलने धुवायला हवं, हे त्याला समजत होतं. त्याने फुंकर मारली, स्क्रू बोटांनी आत घातला, खेकडा पुन्हा चढवला आणि आवळला. स्क्रू बसला. त्याने जबडे काढून पाहिलं. खाच रेघेला केसभर कमी होती.

केसभर म्हणजे खरोखर केसभर. दारातून येणाऱ्या माणसाला दिसली नसती. पण दालनातल्या प्रत्येकाने ती पाहिली, आणि प्रत्येकाने पाहिली हे रेघोबाने पाहिलं.  त्याने खेकडा परत लावला आणि मूठ केसभर पुढे नेली.

कट असा आवाज झाला. डोकं तुटून दांड्याखाली अडकलं आणि स्क्रूची उरलेली कांडी भोकात तशीच राहिली.

"खेकड्याने मान मोडली," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोघंतिघं हसले. हसणं वाईट नव्हतं, पण पुढे जे झालं ते वाईट होतं. मागणी करणारे दोघं कानशींच्या टेबलाकडे वळले. व्यापाऱ्याने खेकडा उचलून अदबीने रेघोबाच्या पिशवीत ठेवला. 

 रेघोबा उजवा हात डाव्याने धरून उभा राहिला, आणि आता तो धरलेला हात सगळ्यांना दिसत होता.

वस्ताद उठला. त्याने बंदूक उचलली, तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि ती रेघोबाच्या हातात दिली. धंद्याचा नियम असा की ज्याने मोडलं त्यानेच काढायचं, दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही.

"करून आण," एवढंच तो म्हणाला.

घरी येऊन रेघोबाने बंदूक टेबलावर ठेवली आणि कपाळाला हात लावून बसला.  बायकोने भोकात डोकावून पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"सांगितलं होतं," असं ती म्हणाली नाही, आणि त्यामुळे रेघोबाला जास्तच लागलं.

"बोल ना," तो म्हणाला. "बोल काय बोलायचं ते. माझा धंदा आज मीच माझ्या हाताने संपवला. केसभरासाठी. उद्यापासून कुणी मला नालसुद्धा ठोकायला देणार नाही."

"आपण नाल ठोकत नाही," ती म्हणाली. "आधी हे काढा."

ते त्याने काढलं. पात्याच्या जागी खेकड्यात बारीक ड्रिल बसवलं, जबड्यांनी ते बरोबर मध्यावर धरलं, आणि तुटलेली कांडी पोखरून उलटी फिरवून बाहेर आणली. आटे शाबूत राहिले. कसाही असला तरी खेकडा बाहेर काढण्यात पक्का होता. मग त्याने भोक धुतलं, लेथवर नवा स्क्रू कातला, डोकं जुन्यासारखं गोल केलं, आणि खाच कुठे कापायची याचा हिशोब डोळ्यांत तेल घालून केला. राहिलं ते एकच काम. तो स्क्रू हाताने, साध्या स्क्रूड्रायव्हरने, मनगटाला ओढ लागेपर्यंत बसवायचा.

त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला. पातं खाचेच्या कडेवर टकटक वाजायला लागलं. त्याने श्वास धरला, कोपर टेबलाला टेकवलं, डाव्या हाताने मनगट आवळलं. टकटक थांबेना. नक्षी त्या खाचेपासून नखभर अंतरावर होती. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. खिडकीबाहेर लोक आपापल्या कामाला चालले होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

"मला नाही जमत," तो म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं.

बायकोने हाताचं तेल फडक्याला पुसलं आणि टेबलाला वळसा घालून खिडकीकडच्या बाजूला आली. एवढ्या वर्षांत ती त्या बाजूला कधी बसली नव्हती.

"द्या इकडे."

"हे लोखंड आहे."

"दिसतंय मला. सरका जरा."

तो सरकला. तिने पातं खाचेत ठेवलं, तळहात मुठीवर टेकवला आणि लाकडाला तेल चोळताना देते तसा सबंध हाताचा दाब दिला. स्क्रू आत गेला. रेघोबा तिच्या मनगटाकडे बघत होता, स्वतःचं मनगट त्याच्याबरोबर वळवत होता. ती थांबली.

"झालं."

"झालं नाही. केसभर राहिलंय."

"बसलाय तो. हाताला कळतंय मला."

"अगं, रेघ बघ. थोडंसं. जरासंच."

"अहो," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "याच जराशाने मोडला ना?"

 रेघोबाची नजर त्या केसभर अंतरावरून हलेना. ही बंदूक अशी बाहेर जायची, त्याच्या टेबलावरून, वस्तादच्या हातात. तो म्हणाला असता तर तिने कदाचित पुढे फिरवलाही असता. तो म्हणाला नाही. त्याऐवजी तो खेकडा घेऊन मागच्या खोलीत गेला, आतल्या दांड्यावर सायकलच्या फ्रीव्हीलसारखी दातेरी चकती बसवली, आणि असं करून ठेवलं की मूठ उघडायच्या बाजूला धरते आणि आवळायच्या बाजूला नुसती फिरते. हे काम करताना तो कुणावर तरी सूड उगवल्यासारखा दातओठ खात होता.

वस्तादच्या घरी तो एकटाच गेला. म्हाताऱ्याने बंदूक उजेडात नेली, आडवी धरली, उभी धरली. नक्षी पाहिली. मग खाच पाहिली. तिथे तो थांबला.

"रेघ चुकलीय."

"हो."

"रेघोबाची रेघ चुकली." तो हसत नव्हता. त्याने आपला स्क्रूड्रायव्हर काढला, पातं खाचेत टेकवलं आणि स्क्रूला नुसतं विचारून पाहिलं, फिरवला नाही. "बसलाय मात्र बरोबर. पुढे गेला असता तर परत मोडला असता. कोणी बसवला?"

"हिने."

वस्तादने भुवया वर केल्या. "सूनबाईने? ती लाकूड करते ना?"

"आता दोन्ही करेल." रेघोबाने उजवा हात खिशातून काढला आणि वस्तादसमोर टेबलावर ठेवला. हात लपवला नाही, धरला नाही. तो टेबलावर थरथरत राहिला. "माझ्याच्याने आता आवळणं होणार नाही, वस्ताद. कधीच."

म्हातारा त्या हाताकडे बघत होता. याच हाताला त्याने कानस धरायला शिकवलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते रेघोबाला बघवेना, म्हणून त्याने पिशवीतून खेकडा काढून पुढे ठेवला. वस्तादने मूठ उघडायच्या बाजूला फिरवली. चकतीने धरलं. उलट फिरवली. मूठ मोकळीच फिरली.

"हा आवळत नाही?"

"नाही. हा फक्त उघडतो. आवळायचं ज्याला हाताला कळतं त्याने, हाताने."

वस्तादने मूठ दोन-तीनदा उलटसुलट फिरवली. मग तो आत गेला आणि दोन बंदुका घेऊन आला. दोन्हींचे स्क्रू गंजून बसलेले होते.

"या घेऊन जा. उघड तू, बसवू दे तिला. हा खेकडा माझ्या टेबलावर राहील. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण तो बघेल, घेईल की नाही ते मी सांगत नाही." तो दारापर्यंत आला. "आणि सूनबाईला सांग, रेघेसाठी जोर करू नकोस म्हणावं. ते शहाणपण मला तुला शिकवता आलं नाही."

व्यापाऱ्याचा निरोप आला नाही. येईल का, हे कुणालाच माहीत नव्हतं. रेघोबाने घरी येऊन नवा खेकडा जोडला, पहिल्या बंदुकीला लावला आणि मूठ फिरवली. करकर आवाज करत स्क्रू निघाला. त्याने भोक रॉकेलने धुतलं, आटे फडक्याने पुसले, स्क्रू बोटांनी आत घातला, आणि बंदूक टेबलावरून तिच्याकडे सरकवली.

तिने पातं खाचेत ठेवलं आणि फिरवायला सुरुवात केली. खाच हळूहळू रेघेकडे येऊ लागली. जवळ आली, आणखी जवळ आली, आणि रेघेच्या केसभर अलीकडे तिचा हात थांबला. रेघोबाचं मनगट पुढे झेप घ्यायला शिवशिवलं. त्याने उजवा हात मांडीखाली घातला, त्यावर सगळं वजन टाकलं, आणि तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवीपर्यंत तसाच बसून राहिला.